घोडदळाने आरमार पकडलं? डेन हेल्डर, जानेवारी १७९५

प्रकरण कशाचं आहे

फ्रान्सच्या ८ व्या हुसार रेजिमेंटचं नाव एका रात्रीमुळे लोकांच्या लक्षात राहिलं. २२ आणि २३ जानेवारी १७९५ च्या मधल्या रात्री या रेजिमेंटच्या स्वारांनी हॉलंडच्या उत्तर टोकाला गोठलेल्या समुद्रावर घोडे घातले आणि बर्फात अडकलेलं डच आरमार काबीज केलं, असं सांगितलं जातं. लढाऊ जहाजं १४, त्यांवरच्या तोफा साडेआठशेच्या घरात. घोडदळाने आरमार जिंकल्याचा हा बहुधा एकमेव दाखला, म्हणून प्रश्नमंजूषेपासून लष्करी इतिहासाच्या वर्गापर्यंत सगळीकडे तो फिरतो.

रेजिमेंट आज अस्तित्वात नाही. ती आधी १८१४ मध्ये मोडली, १८४० मध्ये पुन्हा उभी राहिली आणि शीतयुद्ध संपल्यावर फ्रान्सने सैन्य कमी केलं त्यात कायमची गेली. मागे राहिली ती ही गोष्ट. या टिपणात ती गोष्ट एक प्रकरण म्हणून उलगडली आहे: कोणासमोर काय पर्याय होते, कोणाला काय माहीत होतं, कोणी काय ठरवलं. माझं मत आधीच सांगून टाकतो. त्या आरमाराचा निकाल हुसार बर्फावर उतरायच्या आत लागला होता. पण म्हणून हुसारांनी काहीच केलं नाही, असंही होत नाही.

पार्श्वभूमी: रेजिमेंट

राज्यक्रांतीनंतर फ्रान्सच्या सैन्यात दोन गोष्टी एकाच वेळी चालल्या होत्या. जुने सरदार-अधिकारी देश सोडून पळत होते आणि नव्या स्वयंसेवकांच्या पलटणी घाईघाईने उभ्या राहत होत्या. ८ वी हुसार ही या घाईतलीच. १७९२ च्या अखेरीस टेहळणीच्या स्वारांचं पथक म्हणून ती उभी राहिली आणि पुढच्या वर्षी हुसारांच्या यादीत तिला आधी ९ वा क्रमांक मिळाला. मग एक मजेशीर गोष्ट झाली. यादीतली ४ थी हुसार रेजिमेंट जवळजवळ आख्खीच्या आख्खी शत्रूला जाऊन मिळाली होती. तिचा क्रमांक रद्द झाला, खालचे सगळे एकेक पायरी वर सरकले आणि ९ वी ती ८ वी झाली.

हुसार म्हणजे हलकं घोडदळ. अंगावर चिलखत नाही, घोडा चपळ, हातात वाकडी तलवार. त्यांची कामं म्हणजे पुढे जाऊन खबर आणणं, पूल-नाके अडवणं, पळत्या शत्रूचा पाठलाग. घोडा सरकारचा; आपल्याकडच्या भाषेत बोलायचं तर हे शिलेदार नव्हेत, बारगीर. उभ्या फळीवर धडकून ती मोडायचं काम त्यांच्याकडे क्वचितच येई. हे ध्यानात ठेवलेलं बरं, कारण डेन हेल्डरला त्यांनी जे केलं ते त्यांच्या नेहमीच्या कामात अगदी चपखल बसतं. चित्रांत दाखवलेला हल्ला मात्र त्यात बसत नाही.

पार्श्वभूमी: गोठलेला देश

१ फेब्रुवारी १७९३ ला फ्रेंच प्रजासत्ताकाने ब्रिटन आणि डच राज्यप्रमुख, म्हणजे ऑरेंज घराण्याचा स्टॅडहोल्डर पाचवा विल्यम, यांच्याविरुद्ध युद्ध पुकारलं. दीड वर्ष पारडं कधी इकडे, कधी तिकडे झुकत होतं. २६ जून १७९४ ला फ्ल्यूरसची लढाई फ्रेंचांनी जिंकली, आजचा बेल्जियम त्यांच्या हाती आला आणि जनरल पिशग्रूची उत्तरेची फौज हॉलंडच्या दाराशी पोचली.

हॉलंडचं दार म्हणजे पाणी. शत्रू आला की बांध फोडायचे, सखल जमिनीवर गुडघा-मांडीभर पाणी सोडायचं. नावेला उथळ, माणसाला खोल. १६७२ मध्ये चौदाव्या लुईची फौज या पाण्यानेच थोपवली होती. त्या हिवाळ्यात फ्रेंच सेनापती लक्झेंबुर्गने बर्फावरून घुसायचा प्रयत्न करून पाहिला, पण ऐन वेळी बर्फ वितळायला लागलं आणि त्याला मागे फिरावं लागलं. सव्वाशे वर्षांनी तोच डाव मांडला गेला आणि या वेळी थंडी टिकली. डिसेंबर १७९४ मध्ये मास आणि वाल या नद्या गोठल्या. जानेवारीत फ्रेंच वाल ओलांडून आले, १६ तारखेला उट्रेख्ट पडलं, १८ ला विल्यम श्खेवेनिंगनच्या किनाऱ्यावरून मासेमारीच्या होडीत बसून इंग्लंडला निघून गेला. २० तारखेला पिशग्रू ॲमस्टरडॅममध्ये होता.

पण हे सगळं बर्फाने केलं असं म्हणणं निम्मंच खरं. हॉलंडमध्ये स्वतःचीच एक क्रांती आठ वर्षं दबून राहिली होती. १७८७ मध्ये ऑरेंजविरोधी 'देशभक्त' पक्षाने जोर धरला, तेव्हा प्रशियाची फौज आणून तो मोडला गेला आणि हजारो देशभक्त फ्रान्सला पळाले. त्यांत यान विलेम द विंटर नावाचा एक तरुण नौदल अधिकारी होता. फ्रान्समध्ये त्याने पायदळात चाकरी धरली आणि वर चढत गेला. १७९५ च्या जानेवारीत तो फ्रेंच फौजेचा सेनाधिकारी म्हणून आपल्याच देशात परत आला. ॲमस्टरडॅममध्ये सत्ता उलटली ती फ्रेंच शहरात शिरायच्या आधी, शहरातल्याच लोकांच्या हातून. देश जिंकला गेला आणि मुक्तही झाला, दोन्ही एकदमच. कोणाच्या लेखी काय झालं ते तो कोणत्या पक्षाचा होता यावर अवलंबून होतं. डेन हेल्डरचा गुंता इथूनच सुरू होतो.

अडचण

हॉलंडचं आरमार एका ठिकाणी नव्हतं. एक भाग दक्षिणेला हेलेव्हूटस्लाउसला, दुसरा उत्तरेला तेसेल बेट आणि डेन हेल्डर गाव यांच्यामधल्या पाण्यात. इतिहासात 'तेसेलची लढाई' असं नाव रूढ झालं असलं, तरी जहाजं उभी होती ती डेन हेल्डरच्या कडेच्या नीउवेडीप नावाच्या खाडीत. बाहेरच्या मार्सडीप सामुद्रधुनीत भरती-ओहोटीचा ओघ जबरदस्त, म्हणून थंडीत आडोशाला खाडीत थांबायचं. त्या वर्षी आडोशाचं पाणीच आधी गोठलं आणि जहाजं जागच्या जागी रुतली.

ब्रिटनशी युद्ध चालू असताना एवढी जहाजं कोणाच्या हाती पडतात याला महत्त्व होतंच. फ्रेंचांना ती इंग्लंडला जाऊ द्यायची नव्हती, इंग्रजांना ती फ्रेंचांच्या हाती पडू द्यायची नव्हती. डच क्रांतिकारकांना ती आपल्या नव्या राज्यासाठी हवी होती, आणि स्टॅडहोल्डरच्या माणसांच्या दृष्टीने मालक परदेशी निघून गेला होता. बर्फ आहे तोवर प्रश्न गोठलेला. वारा फिरला, पाणी सुटलं की शीड उभारून कोणीही कुठेही जाऊ शकलं असतं. म्हणजे निकड होती ती वेळेची.

समोरचे पर्याय

द विंटर आणि पिशग्रूपुढे ढोबळमानाने तीन वाटा होत्या. डच राज्यकर्त्यांकरवी आज्ञा पाठवायची आणि जहाजांचे अधिकारी ती पाळतील असं धरून चालायचं. तोफखान्यासह पायदळ पाठवून किनाऱ्यावरून जहाजांवर तोफा रोखायच्या. पण बर्फाळ रस्त्यांवरून जड तोफा ओढत नेण्यात बरेच दिवस गेले असते. किंवा हलकी तुकडी तडक पुढे काढायची, जी ॲमस्टरडॅमपासूनचा ऐंशीएक किलोमीटरचा रस्ता एक-दोन दिवसांत कापेल. त्यांनी तिसरी वाट धरली. पहिलीही चालू होतीच, फक्त तिचा परिणाम काय झाला हे त्यांना त्या क्षणी कळण्याची सोय नव्हती.

डच बाजूला खाडीतला सर्वांत वरिष्ठ अधिकारी होता कॅप्टन हेरमानुस रेंत्येस, 'आडमिराल पीट हाइन' जहाजाचा. त्याच्यापुढचे पर्याय जास्त कठीण. लढायचं तर कसं, हे जरा जवळून पाहण्यासारखं आहे.

पाण्यातलं जहाज नांगराच्या दोराला बाजूने दुसरा दोर बांधून वळवता येतं, म्हणजे तोफांची बाजू शत्रूकडे फिरवता येते. बर्फात रुतलेलं जहाज वळत नाही. त्याच्या दोन्ही कुशींवर तोफांच्या रांगा. नाळेकडे आणि मागच्या टोकाकडे मात्र तोफा मोजक्याच. घोडेस्वार जर टोकाच्या रोखाने आले तर त्या जहाजाच्या बहुतेक तोफा गप्प. उलट बाजूही आहे. १४ जहाजं एकमेकांजवळ उभी असतील, तर एकाच्या आंधळ्या बाजूवर दुसऱ्याच्या तोफा चालतात. शिवाय तोफगोळे माणसांवर न मारता बर्फावर मारले तरी समोरची वाट फुटते. मोकळ्या बर्फावर लपायला झाडाचं खोडसुद्धा नाही. आणि तलवार हातात घेतलेला स्वार जहाजाच्या कुशीशी पोचला तरी पुढे करणार काय? लाकडाची भिंत डोक्याच्या बरीच वर आहे आणि वरून बंदुका रोखलेल्या आहेत. लढायची इच्छा असलेल्या आरमारावर थोड्या हुसारांनी चाल करणं हा आत्मघात ठरला असता.

याचा दाखला डच इतिहासातच आहे. १५७२-७३ च्या हिवाळ्यात ॲमस्टरडॅमजवळ डच बंडखोरांची काही जहाजं अशीच गोठली होती आणि स्पॅनिश सैनिक बर्फावरून चालून आले. खलाशांनी जहाजांभोवतीचं बर्फ फोडून खंदक केला, बंदूकवाले पायांत स्केट बांधून बाहेर पडले आणि स्पॅनिशांना पिटाळून लावलं. मग पाणी सुटलं आणि जहाजं निसटली. स्पॅनिश सेनापती आल्बाने त्यानंतर आपल्या सैनिकांसाठी सात हजार स्केटचे जोड मागवले म्हणतात.

तेव्हा रेंत्येसला लढता आलं असतं. जाळपोळ हाही एक पर्याय होता, पण दाटीवाटीने उभ्या, दारूगोळ्याने भरलेल्या जहाजांना गावाशेजारी आग लावण्यातला धोका सांगायला नको. तिसरी वाट थांबून राहण्याची.

प्रत्यक्षात काय झालं

इथे दोन हकिगती आहेत आणि त्या शेजारी-शेजारी ठेवून वाचाव्या लागतात.

पहिली फ्रेंच हकिगत. द विंटरने लेफ्टनंट कर्नल लुई जोसेफ लाह्यूर या बेल्जियन अधिकाऱ्याला पुढे धाडलं, हाताशी हुसार आणि हलकं पायदळ. वेळ वाचवायला प्रत्येक स्वाराने मागे एकेक पायदळी सैनिक बसवून घेतला, आवाज होऊ नये म्हणून घोड्यांच्या खुरांना फडकी गुंडाळली. मध्यरात्रीनंतर ते डेन हेल्डरला पोचले, पहाटेच्या अंधारात बर्फावर उतरले आणि जहाजांना वेढा घातला. डच जागे झाले तेव्हा उशीर झाला होता. एकही माणूस न गमावता आरमार हाती आलं.

दुसरी हकिगत डच कागदपत्रांतली. ती एकोणिसाव्या शतकात डच सरकारी दप्तराचा प्रमुख असलेल्या योहानेस कॉर्नेलिस द योंग याने मांडली. त्यानुसार २१ जानेवारीलाच रेंत्येसच्या हाती आज्ञा पडली होती: फ्रेंच आले तर प्रतिकार करू नये. म्हणजे हुसार पोचायच्या आदल्या संध्याकाळच्याही आधी प्रश्न मिटला होता. २३ ला स्वार आले, लाह्यूर जहाजावर गेला, बोलणी झाली. जनरल द विंटर येईपर्यंत आहे तसंच थांबायचं, असं ठरलं. पाच दिवसांनी अधिकारी आणि खलाशांनी फ्रेंच हुकूम पाळण्याची आणि शिस्त राखण्याची शपथ घेतली. काही दिवस आधी हेलेव्हूटस्लाउसला जी शपथ घेतली गेली होती, तीच. हेलेव्हूटस्लाउसला कोणी बर्फावरून घोडे घातल्याची कथा नाही, म्हणून ते नाव कोणाला आठवत नाही.

लाह्यूरच्या स्वतःच्या आठवणी बऱ्याच नंतर, १८९५ मध्ये छापून आल्या. त्यांत तो श्रेय सोडत नाही, पण त्याचं वर्णन दंतकथेपेक्षा डच कागदांच्या जास्त जवळ जातं. बंदूकवाल्यांची एक टोळी पुढे पाठवली, जहाजांवर सुरुवातीला प्रतिकाराची हालचाल दिसली, मग खलाशांनी आपल्याला सौजन्यानेच वर घेतलं, असं तो सांगतो. तलवारबाजी नाही, वेढा नाही, बर्फावर उधळलेले घोडे नाहीत.

मग फडकी कशाला? हा प्रश्न मला बराच वेळ खटकत होता. आज्ञा गेलेली असेल तर चोरपावलांनी जायचं कारण काय? उत्तर बहुधा साधं आहे. आज्ञा निघाली, पोचली, वाचली गेली आणि मानली गेली, या चार वेगवेगळ्या गोष्टी. यांतली पहिली फार तर लाह्यूरला ठाऊक असणार. ज्या सरकारने ती काढली ते काही दिवसांत कोसळणारं सरकार होतं. जहाजावरच्या एखाद्या कट्टर ऑरेंजवाल्याने ती फाडून टाकली असती तर? असं असताना वाईटात वाईट धरून तयारी करणं हे हुसाराच्या धंद्याला धरूनच आहे. शिवाय बर्फावर नाल घसरते, कापडाने थोडी पकड मिळते. थंडीच्या मोहिमेत घोड्यांना टोकदार डोक्याचे खिळे मारून नाल बसवतात, पण पाठलागाच्या धांदलीत शेकडो घोड्यांच्या नाला बदलायला नालबंद आणि वेळ कुठून आणणार? हातात असलेलं कापड गुंडाळायचं आणि निघायचं. ही फडकी आवाज दाबण्यापेक्षा घोडा पडू नये म्हणून होती, असं मी धरून चालतो. अर्थात हा माझा तर्क.

निष्पत्ती

आरमार अखंड राहिलं आणि इंग्लंडला गेलं नाही. मे १७९५ मध्ये हेगला तह झाला. नव्या डच राज्याने, म्हणजे बटाव्हियन प्रजासत्ताकाने, दहा कोटी गिल्डर देण्याचं कबूल केलं, मास्ट्रिख्ट-वेन्लोसारखे मुलूख सोडले, पंचवीस हजार फ्रेंच सैनिकांचा खर्च उचलला आणि ब्रिटनविरुद्ध फ्रान्सशी युती केली. जहाजं मात्र डचच राहिली. ही बाब आरमार 'जिंकलं' या कथेत बसत नाही. लढून जिंकलेली जहाजं जेता स्वतःच्या बंदरात नेतो.

ब्रिटिशांनी जहाजांचा वचपा वसाहतींत काढला. पळून गेलेल्या विल्यमने ७ फेब्रुवारीला लंडनजवळच्या क्यू इथून डच वसाहतींच्या अधिकाऱ्यांना पत्रं धाडली की ठाणी इंग्रजांच्या हवाली करा. त्या आधारावर आणि जिथे पत्र चाललं नाही तिथे तोफांनी, इंग्रजांनी त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेतलं केप घेतलं, श्रीलंकेतलं त्रिंकोमाली घेतलं, ऑक्टोबरात कोचीनही घेतलं. इकडे दख्खनेत ११ मार्चला खर्ड्याला मराठे आणि निजाम भिडले, तेव्हा निजामाकडच्या कवायती पलटणी रेमोंच्या आणि शिंद्यांकडच्या पेरोंच्या हाताखाली होत्या. दोघेही फ्रेंच. हॉलंडच्या बर्फावर काय झालं याची खबर तोवर यांना लागलेली असणं अवघड, पण मलबार किनाऱ्यावरचा डच झेंडा त्या बर्फापायीच उतरला.

माणसांचं काय झालं, हे तर आणखी विचित्र. द विंटर पुन्हा नौदलात गेला आणि १७९६ मध्ये त्या आरमाराचा प्रमुख झाला. ११ ऑक्टोबर १७९७ ला कॅम्परडाउनच्या समुद्रात ब्रिटिश ॲडमिरल डंकनने त्याला हरवलं आणि जिवंत धरलं. रेंत्येसही त्या लढाईत होता, आता रिअर ॲडमिरल म्हणून 'युपिटर' जहाजावर. तेही इंग्रजांनी घेतलं. बर्फावर एकमेकांसमोर आलेले दोघे पावणेतीन वर्षांनी एकाच बाजूने हरले.

हुसारांची रेजिमेंट पुढे नेपोलियनच्या बहुतेक मोठ्या मोहिमांत होती. ऑस्टरलिट्झला सूल्तच्या कोअरमध्ये, १८१२ मध्ये रशियात. २५ जुलै १८१२ ला ऑस्ट्रोव्हनोला तिने रशियन तोफा घेतल्या. खऱ्या तोफा, खऱ्या चालीत. लष्करी दृष्टीने ते काम डेन हेल्डरच्या कितीतरी वरचं, पण ऑस्ट्रोव्हनोत जहाजं नव्हती. १८१४ मध्ये बूर्बाँ राजा परत आला, हुसारांच्या रेजिमेंट कमी केल्या गेल्या आणि ८ वी मोडली.

गोष्ट वाढली कशी

नेपोलियन पडल्यानंतरच्या फ्रान्सला जुन्या विजयांची भूक होती. लष्करी लेखक जोमिनीने क्रांतियुद्धांचा इतिहास १८१९ पासून छापायला घेतला, त्यात बर्फावरचा हा पराक्रम आला आणि नंतरच्यांनी तो उचलला. १८३६ मध्ये शार्ल मोझँने त्याचं मोठं चित्र काढलं, ते व्हर्सायच्या संग्रहात लागलं. घोडे, बर्फ, मागे उंच शिडांच्या काठ्या: चित्रकाराला याहून काय हवं? एकदा चित्र डोळ्यांपुढे बसलं की आज्ञापत्राचा कागद त्यापुढे टिकत नाही. त्यात रेजिमेंटही मोडलेली. तिच्या दफ्तरातून कोणी हरकत घ्यावी असं कोणी उरलंच नव्हतं. १८४० मध्ये ती पुन्हा उभी झाली तेव्हा कथा तयार होती आणि नव्या भरतीला ती हवीच होती.

निर्णयाचे टप्पे, आणि वेगळं काय करता आलं असतं

पहिला टप्पा डिसेंबरचा. नद्या गोठू लागल्या तेव्हा उत्तरेचं पाणी अजून मोकळं होतं किंवा होण्यासारखं होतं. जहाजं कुठेतरी हलवण्याची ती शेवटची संधी. पण कुठे? इंग्लंडला नेणं म्हणजे मित्राच्या नावाखाली हवाली करणं, आणि अर्ध्या देशाला ते मान्य नव्हतं. निर्णय न घेणं हाच तिथे निर्णय ठरला. मला वाटतं, आरमार दोन-तीन बंदरांत आणखी विभागून ठेवणं तरी शक्य होतं. ते झालं असतं तर एका सकाळी १४ जहाजं एकदम गेली नसती.

दुसरा टप्पा २१ जानेवारीच्या आज्ञेचा. प्रतिकार करू नका, इतकं त्यात होतं. काय करा, हे नव्हतं. जहाजं कोणाच्या हाती सोपवायची, दारूगोळा कोणाच्या कुलपात, झेंडा कोणता, याद्या कोण करणार? या रिकाम्या जागा रेंत्येसने स्वतःच्या डोक्याने भरल्या. द विंटरसाठी थांबू, असं त्याने लाह्यूरकडून कबूल करून घेतलं. समोरचा अधिकारी डच आहे, नौदलातला आहे, त्याच्याशी सौदा होईल, हा त्याचा होरा असावा आणि तो बरोबर ठरला. माझ्या लेखी या सगळ्या प्रकरणातला सर्वांत शहाणा निर्णय हाच.

तिसरा टप्पा द विंटरचा. तोफखान्याची वाट न पाहता हलके स्वार पुढे काढणं. त्यांचं खरं काम होतं आज्ञा आणि अंमल यांच्या मधला वेळ भरून काढण्याचं: थंडी मोडण्याआधी, कोणाचं मन पालटण्याआधी, बंदरात कोणीतरी हजर असणं. मागे पायदळ बसवलेले, थकलेले, फडकी बांधलेले घोडे घेऊन दोन दिवसांत तिथे पोचणं हे कसबाचं काम आहे, आणि रेजिमेंटला श्रेय द्यायचं तर ते याचं द्यावं. वेगळं करता आलं असतं ते एवढंच: लाह्यूरबरोबर आज्ञेची नक्कल आणि एखादा डच मुलकी अधिकारी पाठवता आला असता. मग पहाटे जहाजांवर जी गडबड उडाली, जी लाह्यूरने स्वतः नोंदवली आहे, ती टळली असती. त्या गडबडीत एखादी बंदूक उडाली असती तर पुढचं वर्णन कोणालाच विनोदी वाटलं नसतं.

चौथा टप्पा सहसा कोणी विचारात घेत नाही, तो खलाशांचा. याचा अंदाज १७९९ वरून बांधता येतो. ऑगस्टअखेर ब्रिटिश फौज डेन हेल्डरजवळ उतरली आणि ३० तारखेला जवळच्याच व्लीटर पाण्यात डच आरमार इंग्रजांसमोर उभं राहिलं. रिअर ॲडमिरल स्टोरीच्या खलाशांनी लढायला नकार दिला, दारूगोळा समुद्रात फेकला आणि आरमार एकही तोफ न उडवता इंग्रजांच्या हाती गेलं. इंग्रज जहाजांवर ऑरेंजचा झेंडा दिसला, हे त्यातलं एक मोठं कारण. म्हणजे खालच्या डेकवर ऑरेंजची ओढ साडेचार वर्षांनंतरही जिवंत होती. तेव्हा १७९५ च्या त्या पहाटे रेंत्येसने आज्ञा बाजूला ठेवून तोफा भरायला सांगितल्या असत्या, तर त्याच्या माणसांनी त्या बहुधा भरल्या असत्या, आणि समोर मोकळ्या बर्फावर ८ वी हुसार असती.